छापील हाडे आणि मुक्या जिवांचे ऋण

गेल्या चातुर्मासात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात एक साधा दिसणारा, परंतु विचार करू जाता फार अवघड असा प्रश्न उपस्थित झाला. त्या घरच्या मुलीला दूरच्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. प्रवेश स्वतःच्या गुणांवर मिळविलेला, त्यामुळे घरात आनंदीआनंद झाला. पेढे वाटून झाले, आणि मग आजीबाईंच्या ध्यानात आले की, गुरांचा डॉक्टर व्हावयाचे तर पहिल्याच वर्षी मेलेल्या गुरांची शरीरे कापून पाहावी लागतात. त्यांनी देवघरातून बाहेर येऊन विचारले, "ज्या घरात पोळ्याला बैलाचे पाय धुऊन त्याला ओवाळतात, त्या घरच्या मुलीने गाईच्या अंगावर सुरी चालवायची का?"

मुलीच्या वडिलांनी लगेच तोड काढली. हल्ली यंत्रावर हाडे व अवयव छापून मिळतात, हुबेहूब खऱ्यासारखे, असे त्यांच्या वाचनात आले होते. तेव्हा खऱ्या जनावराला हात लावण्याचे आता कारणच उरले नाही, असे त्यांनी आईला सांगितले. आजीबाईंचे समाधान झाले. परंतु मुलगी म्हणाली, "बाबा, त्या प्रतिकृती मला हव्याच आहेत. पण केवळ त्यांच्यावर शिकून मी आले, तर उद्या आपली अडलेली गाय तुम्ही माझ्या हाती द्याल का?" या प्रश्नाला वडिलांपाशी उत्तर नव्हते. ते आमच्याकडे आले. उत्तर आमच्यापाशीही तयार नव्हते. त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे पाहिले, वाचले आणि मनाशी घोळविले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

एखाद्या वस्तूविषयी मत देण्यापूर्वी ती वस्तू डोळ्यांनी पाहावी, या हेतूने आम्ही शरीररचनाशास्त्राच्या एका अध्यापकांकडे गेलो. त्यांनी आमच्या दोन्ही हातांत दोन हाडे दिली. दोन्ही बैलाच्या खांद्याची. एक पिवळट, जड, कडा झिजलेले; अनेक वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाताळण्याने गुळगुळीत झालेले. दुसरे पांढरेशुभ्र व हलके, आणि जवळून पाहिले असता त्याच्या पृष्ठभागावर एकावर एक चढविलेल्या थरांच्या बारीक रेषा दिसत होत्या. आकार, खाचा आणि मधला उंचवटा यांत दोहोंमध्ये फरक शोधूनही सापडेना. पहिले एका जनावराचे होते, आणि दुसरे त्या पहिल्याची छाप होती.

ही छाप कशी निघते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रथम खऱ्या हाडाचे अथवा अवयवाचे सी. टी. स्कॅन घेतात. या यंत्राने माणसाच्या डोक्याची पहिली तपासणी १९७१ मध्ये लंडनजवळ झाली, आणि त्याबद्दल गॉडफ्रे हाऊन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते यंत्र वस्तूचे पातळ पातळ काप केल्याप्रमाणे चित्रे देते. प्रत्यक्षात कापले मात्र काहीच जात नाही. संगणक ती चित्रे एकत्र रचून वस्तूचा भरीव आकार तयार करतो, आणि छपाईचे यंत्र त्या आकाराचे पुन्हा थर पाडून तो खालून वर उभारीत जाते. अमेरिकेत चार्ल्स हल यांना अशा छपाईच्या एका पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. त्यांच्या पद्धतीत प्रकाशाने घट्ट होणारे द्रव वापरतात. पुढे वितळलेल्या प्लॅस्टिकच्या तारेने थर घालणारी यंत्रे निघाली, आणि त्यांच्या मुख्य पेटंटाची मुदत २००९ च्या सुमारास संपल्यावर ती पुष्कळ स्वस्त झाली. जे प्लॅस्टिक त्यात बहुधा वापरतात, ते मक्यासारख्या पिकांतील पिष्टापासून अथवा उसाच्या साखरेपासून तयार होते. म्हणजे शेतातल्या मक्यापासून बैलाचे हाड निर्माण होते. बैलाने आजवर मक्याचा कडबा खाऊन हाडे केली. आता यंत्रही तेच करू लागले, असे आम्ही गमतीने म्हणालो. अध्यापक हसले आणि म्हणाले, "फरक एवढाच, की यंत्राच्या हाडाला कधी दुखत नाही."

हे वाक्य आमच्या मनात राहिले.

प्रतिकृतीवरून शिकणे ही कल्पना नवी आहे, असे कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या हाताला वळण लावण्यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर करावा. शिवण घालण्याचा सराव जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर करावा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा. आणि पट्टी बांधण्यासाठी माणसाचा कृत्रिम पुतळा घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. सगळी शास्त्रे पढलेला असला तरी ज्याने हा सराव केला नाही तो कर्माला अयोग्य, असाही त्यात स्पष्ट अभिप्राय आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र मृत मनुष्यदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री मुरविण्याचा आणि मग कुंचल्याने हळूहळू घासून त्याचा एकेक थर डोळ्यांनी पाहण्याचा विधी दिला आहे. म्हणजे पुतळा आणि प्रेत ही दोन्ही साधने एकाच आचार्याने, एकाच शिष्यासाठी सांगितली. एकामुळे दुसरे निरर्थक ठरते असे त्याला वाटले नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पशुवैद्यकाचे अर्वाचीन शिक्षण ज्या कारणाने सुरू झाले, तेही जाणण्याजोगे आहे. अठराव्या शतकात युरोपात बुळकांडीने गुरांचे कळपच्या कळप मरत होते. त्या काळी क्लोद बूर्झला या फ्रेंच गृहस्थाला १७६१ मध्ये राजाज्ञा मिळाली, आणि लियों या शहरी पशुवैद्यकाची पहिली शाळा निघाली. थोड्याच वर्षांत पॅरिसजवळ आल्फोर येथे दुसरी शाळा उभी राहिली. तेथील शरीररचनेचा पहिला अध्यापक ओनोरे फ्रागोनार याने जनावरांची शरीरे सोलून, वाळवून, रोगण चढवून टिकविली. त्यांतील काही आजही तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे एकोणिसाव्या शतकात लुई ओझू या डॉक्टराने कागदाच्या लगद्यापासून माणसाच्या व जनावरांच्या अशा प्रतिकृती केल्या, की त्यांचे भाग सुटे करून पुन्हा जुळविता येत. त्याने केलेला घोडा अनेक देशांतील शाळांत गेला. बुळकांडीची गोष्टही येथेच पुरी करतो. ज्या रोगाने या शास्त्राला जन्म दिला, तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. ज्या पिढ्यांनी मेलेली गुरे उघडून पाहिली, त्यांच्या श्रमांचा त्यात वाटा आहे.

परंतु या इतिहासाला दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंग्लंडात जॉर्ज स्टब्स नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने १७५० च्या दशकात हॉर्कस्टो या खेड्यात सुमारे दीड वर्ष राहून घोड्यांची शरीरे थर काढीत काढीत रेखाटली, आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ती चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. परंतु त्यासाठी त्याने जिवंत घोड्यांच्या मानेची शीर उघडून, रक्त वाहू देऊन त्यांचा प्राण घेतला. ग्रंथ सुंदर आहे, आणि घोडे त्यासाठी मारले गेले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ज्ञान मिळाले म्हणून ते मिळविण्याची रीत शुद्ध ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्हांस असे वाटते की, "जनावराच्या शरीरावर शिकावे की नाही" या एका प्रश्नाच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि ते एकत्र केल्यामुळे सगळा घोटाळा होतो. शिकण्यासाठी जिवंत जनावर मारावे काय, हा पहिला. शिकण्यासाठी जिवंत जनावराला वेदना द्यावी काय, हा दुसरा. आणि आधीच मेलेल्या जनावराच्या देहावरून शिकावे काय, हा तिसरा.

पहिल्या दोहोंविषयी आमचे मत निश्चित आहे. जेथे प्रतिकृतीने काम भागते, तेथे जीव घेणे किंवा जिवाला पीडा देणे हा अपराध आहे. आणि प्रतिकृती जसजशी सुधारेल, तसतशी ही मर्यादा अधिक कडक झाली पाहिजे. जे काल अपरिहार्य होते, ते आज अपरिहार्य राहिले नसेल, तर काल केले म्हणून आज करता येणार नाही. १९५९ मध्ये रसेल व बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन नियम मांडले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन घ्यावे, घ्यावेच लागले तर कमीत कमी प्राणी घ्यावेत, आणि त्यांना कमीत कमी त्रास होईल अशी रीत योजावी. पुढच्याच वर्षी आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी आधीपासून चिकाटीने प्रयत्न केले होते. त्या कायद्यातील प्रयोगांविषयीच्या कलमात असे म्हटले आहे की, शाळा-महाविद्यालयांतून पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. छपाईचे हे यंत्र जन्मासही आले नव्हते, तेव्हा आपल्या कायद्याने प्रतिकृतीचे नाव घेतले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले, तेही आम्हांस योग्य वाटतात. जो विद्यार्थी पुढे शिक्षक किंवा कारकून होणार, त्याने केवळ परीक्षेसाठी बेडूक चिरावा याला काय अर्थ?

परंतु पशुवैद्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या हाताखाली उद्या जिवंत जनावर येणार आहे, आणि त्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही. येथे तिसरा प्रश्न उभा राहतो.

प्रतिकृतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शव टिकविण्यासाठी फॉर्मॅलिन वापरतात. त्यातील फॉर्माल्डिहाइड हे द्रव्य माणसात कर्करोग उत्पन्न करणारे आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. छापील हाडाला वास नाही, विष नाही. ते विद्यार्थ्याला घरी नेता येते. रात्री दिव्याखाली हातात फिरवून पाहता येते. गाईच्या पाठीच्या कण्यात छातीचे मणके तेरा आणि घोड्याच्या अठरा, हे पाठ करण्यापेक्षा दोन्ही कणे बोटांनी मोजणे केव्हाही बरे. हत्ती किंवा वाघ यांचा सांगाडा प्रत्येक महाविद्यालयाला कोठून मिळावा? परंतु त्याची छाप मिळू शकते. एखादे विकृत वाढलेले, मोडून वाकडे जुळलेले हाड शंभर विद्यार्थ्यांपुढे शंभर प्रतींत ठेवता येते. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील अध्यापकांनी घोड्याच्या पायाची हाताळता येणारी प्रतिकृती, पुस्तक आणि संगणकावरील आकृती यांची तुलना करून पाहिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणे, ज्यांनी प्रतिकृती हातात घेतली होती त्यांना पुढे रुग्ण-प्रतिमा वाचणे अधिक चांगले जमले. डोळ्यांनी पाहिलेले आणि हाताने धरलेले यांत अंतर आहे, हे जुन्या कारागिरांना सांगावे लागले नसते. परंतु शास्त्राने ते तपासून सांगितले, हेही बरे झाले.

प्रतिकृतीचा सर्वांत मोठा गुण आम्ही वेगळाच मानतो. तिच्यावर चुकता येते. शिकणारा चुकणारच, प्रश्न एवढाच, की त्याच्या चुकांची किंमत कोणी द्यावी. माळव्यातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे की, हिरवा चारा अधिक खाल्ल्याने बैल फुगतो, आणि वेळीच डाव्या कुशीत नळी घालून वायू काढला नाही तर घटकाभरात दगावतो. कुशीतील ती जागा कोणती, नळी कोणत्या दिशेने घालावी, हे प्रथमच जिवंत बैलावर अजमावणे म्हणजे त्या मुक्या जिवाला आपली पाटी करणे होय. हा पहिला अंदाज प्रतिकृतीवर बांधावा. दहा वेळा चुकावे, अकराव्या वेळी बरोबर यावे, आणि या दहा चुकांत एकाही जिवाचे रक्त सांडू नये, हे दयेचे काम आहे.

असे असूनही ती मुलगी खरे शरीर का मागते? अध्यापकांनी आम्हांस एक उदाहरण दिले. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतील दुसऱ्या कप्प्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात. गाय चारा न चावता गिळते, आणि त्यातून एखादी तार किंवा खिळा गेला तर तो बहुधा या घरांत अडकतो. या कप्प्याच्या पुढे पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. तार पुढे सरकली की हृदयाच्या आवरणाला भोक पडते. रंगीत प्रतिकृतीत हे सारे स्पष्ट दिसते: कप्पा एका रंगाचा, पडदा दुसऱ्या, हृदय तिसऱ्या. परंतु खऱ्या देहात कोणी रंग देऊन ठेवलेले नसतात. तेथे सारे ओले, घसरते, चरबीत लपेटलेले असते. चाऱ्याने भरलेले पहिले पोट डाव्या मूत्रपिंडाला ढकलून पार उजवीकडे नेते. आणि एका गाईत जेथे जे सापडले ते दुसरीत तेथेच सापडेल असा भरवसा नसतो. छाप ही एकाच देहाची शंभरदा केलेली पुनरावृत्ती असते. निसर्ग मात्र एकच देह दुसऱ्यांदा घडवीत नाही. जो केवळ छापेवर शिकला, त्याला एक गाय माहीत झाली. गाई माहीत झाल्या नाहीत.

शिवाय स्पर्शाचा प्रश्न आहे. निरोगी यकृत बोटाला कसे लागते आणि रोगट कसे लागते, आतड्याचा पीळ हाताला कसा कळतो, हे कठीण प्लॅस्टिक सांगू शकत नाही. मऊ द्रव्यांच्या प्रतिकृतीही आता निघाल्या आहेत आणि त्या सुधारतील. तथापि कापताना ऊती किती विरोध करते, कोठे आपोआप सुटते आणि कोठे फाटते, हे ज्ञान अद्याप देहापाशीच आहे. हे ज्ञान न घेताच कोणी पदवी मिळविली, तर ते ज्ञान त्याला पुढे कोठून तरी घ्यावेच लागेल. आणि ते जिवंत जनावराच्या अंगावर, त्याच्या वेदनेतून घेतले जाईल. मेलेल्या गाईवर सुरी नको म्हणणारी आमची दया अशा रीतीने जिवंत गाईच्या वाट्याला अडाणी हात पाठवील.

येथे आम्हांस आजीबाईंच्या प्रश्नाचा अर्थ अधिक खोल जाऊन पाहावासा वाटला. त्यांना खटकले ते काय? गाईला दुखेल हे नव्हे. मेलेल्या गाईला दुखत नाही, हे त्या जाणतात. त्यांना खटकले ते आपल्या मुलीच्या हाताला लागणारे. जिवाविषयीची दया आणि आपले हात स्वच्छ ठेवण्याची इच्छा या दोन वस्तू आहेत. त्या इतक्या सारख्या दिसतात की, आपण आयुष्यभर एकीला दुसरीच्या नावाने हाक मारतो. दया विचारते, त्याचे काय होईल? शुचितेची हौस विचारते, माझे काय होईल? दोन्ही प्रश्न मनुष्याच्या मनात असणारच. परंतु दुसऱ्याने पहिल्याचे सोंग घेऊ नये.

आणि या बाबतीत आपल्या समाजाच्या माथी एक जुना हिशेब आहे. आम्ही गाईला माता म्हटले, बैलाला ओवाळले. आणि तेच जनावर मेले की ते ओढून नेण्याचे, सोलण्याचे काम गावाबाहेरच्या माणसांवर टाकले. ते काम केले म्हणून त्यांनाच अपवित्र ठरविले. जनावराच्या आत काय आहे, हे ज्या हातांना ठाऊक होते, त्या हातांचे ज्ञान आम्ही कधी विचारले नाही. त्यांच्या हातचे पाणीसुद्धा घेतले नाही. इंदुरापासून जवळच महू आहे. तेथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेथेच १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्या गावाला आता त्यांचेच नाव आहे. जे काम केल्याबद्दल एकेकाळी माणसाला गावाबाहेर काढीत, ते काम आज त्याच गावी शास्त्र म्हणून शिकविले जाते आणि सर्व जातींची मुले-मुली ते शिकतात. ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा शुभ्र, निर्गंध अशी छापील हाडे हाती आली म्हणून आपण पुन्हा तीच जुनी सोय शोधीत नाही ना, म्हणजे ज्ञान हवे परंतु स्पर्श नको, असे म्हणत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. कारण प्रतिकृती आपोआप होत नाही. आमच्या हातातील त्या पांढऱ्या हाडाच्या मुळाशी एक खरा बैल होता. तो कधीतरी कोणाच्या शेतात राबला, मेला, आणि कोणीतरी त्याचे हाड सोडवून, धुऊन, वाळवून यंत्राखाली ठेवले. शंभर छापांमुळे त्या एका बैलाचे ऋण फिटत नाही; आमच्या मते ते शंभरपट होते.

मग खरे शरीर आणावे कोठून? हा तर सर्वांत नाजूक मुद्दा आहे. अभ्यासासाठी शरीरे हवीत म्हणून जनावरे मारली जाऊ लागली, तर आपण फिरून स्टब्सच्या घोड्यांपाशी येऊन पोहोचू. म्हणून परदेशांतील काही पशुवैद्यकीय शाळांनी निराळी वाट धरली आहे. आजाराने किंवा वार्धक्याने मेलेल्या आपल्या कुत्र्या-मांजराचा, घोड्याचा देह मालक स्वखुशीने शाळेला देतात. माणसांच्या बाबतीत देहदान आता आपल्यालाही परके राहिलेले नाही. या मजकुराचे वाचन करणाऱ्या घरांतून कोठे कुत्रा आहे, कोठे म्हैस, कोठे गावाकडच्या शेतावर बैलजोडी. त्यांतील एखादे जनावर वयाने गेले, तर त्याचा देह जवळच्या महाविद्यालयाला उपयोगी पडेल काय, एवढी चौकशी आपण करू का? ज्या बैलाने वीस वर्षे आपले शेत नांगरले, तो मेल्यावरही आपल्या जातीच्या हजार बैलांच्या उपयोगी पडला, तर त्यात त्याचा अपमान आहे की गौरव? आम्हांस वाटते, गौरव आहे. परंतु आम्ही हेही कबूल करतो की, आमच्या घरचे पंधरा वर्षांचे कुत्रे गेले तेव्हा आम्हांस हे सुचले नाही. आम्ही त्याला अंगणातल्या पेरूखाली पुरले, आणि त्याबद्दल आज आम्हांस पश्चात्ताप नाही, तरी मनात प्रश्न मात्र आहे. वाचकांना उपदेश करण्याचा अधिकार यामुळे आमचा थोडा कमीच होतो. म्हणून आम्ही केवळ विचारतो.

एवढ्या विचारानंतर आमचे मत असे झाले आहे. प्रथम प्रतिकृती, मग देह, आणि शेवटी जिवंत जनावर, असा क्रम असावा. प्रतिकृतीने चुका पोटात घालाव्यात. देहाने खरेपणा शिकवावा. आणि जिवंत जनावराच्या वाट्याला दोहोंची शिदोरी घेऊन आलेला हात यावा. प्रतिकृती जे शिकवू शकते, तेवढ्यासाठी देह खर्च करू नये. देह जे शिकवू शकतो, तेवढ्यासाठी जिवंताला छळू नये. आणि ज्या देहावर शिकावयाचे, त्याच्यासाठी कोणाचा जीव घेतलेला नसावा. सुश्रुताने भोपळा, पुतळा आणि प्रेत एकाच शिष्यापुढे ठेवले, त्यामागे बहुधा हाच विवेक असावा. यंत्रे सुधारतील, तसतसा पहिल्या पायरीचा विस्तार होईल आणि दुसरीचा संकोच होईल. उद्या एखादा दिवस असाही येईल, की मृतदेहाची गरजच उरणार नाही. तसे झाले तर आम्ही आनंदच मानू. परंतु तो दिवस येण्यापूर्वीच तो आला आहे असे समजून वागणे, याची किंमत मुकी जनावरे देतील, आपण नव्हे.

त्या मुलीची पहिली सहामाही आता संपली. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा तिने कुत्र्याच्या कवटीची एक छापील प्रतिकृती बरोबर आणली होती. आजीबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "आणि खरे?" मुलगी म्हणाली, "खरेही करते, आजी. एका म्हाताऱ्या म्हशीचा देह आहे. रोज सुरुवात करण्याआधी मी तिच्या कपाळावर हात ठेवते. कोणी सांगितले नाही. मलाच ठेवावासा वाटतो." आजीबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग कवटी टेबलावर नीट ठेवून त्या म्हणाल्या, "मग नीट शीक बाई. अर्धवट शिकून जित्या जनावरावर हात टाकू नकोस."

हे सारे आम्हांस मुलीच्या वडिलांनी सांगितले. ज्या प्रश्नासाठी आम्ही इतके महिने पुस्तके चाळली, त्याचे उत्तर त्या माउलीने दोन वाक्यांत दिले. तिची पहिली हरकत चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या हरकतीत जो आदर होता, तोच आदर नातीने म्हशीच्या कपाळावर हात ठेवून राखला आहे. तेवढा आदर राहिला, तर विद्यार्थ्याच्या हातात छापील हाड असो की खरे, आमच्या गोठ्यातील जनावर त्या हाती सोपविताना आम्हांस भीती वाटणार नाही.